बसलेली बाई

भिंतीवर चिकटवलेला स्वतःचा चेहरा पाहिला तेव्हा वेसेलाला आधी वाटलं, आपण मेलो. दुसरं काही वाटण्यासारखं नव्हतंच. सोफिया शहरात भिंतीवर, झाडाच्या खोडावर, जिन्याच्या दारावर चेहरे लागतात ते मेलेल्यांचे. काळी चौकट, मधोमध फोटो, खाली नाव आणि शोकाकुल कुटुंबीय. ट्रामची वाट पाहता पाहता माणसं ते वाचतात, चुकचुकतात आणि ट्राम आली की विसरतात. वेसेलाही तशीच वाचत उभी होती. नोव्हेंबरातली सकाळ, धुकं इतकं दाट की रुळांच्या पलीकडचं दुकान नुसतं पुसट पिवळं दिसत होतं, आणि दुधाच्या रांगेतली माणसं पाण्याखाली उभी असल्यासारखी संथ हलत होती. आधी एका निवृत्त शिक्षकाचा चेहरा, मग कुणा मिशाळ ड्रायव्हरचा, मग कालच्या सभेचा फाटका निळा कागद, आणि त्याच्या शेजारी ती. तरुण. केस मागे बांधलेले, कोपर टेबलावर, हनुवटी तळहातात, पाठीमागे काळोख. आपल्यासाठी शोकाकुल कोण आहे हे पाहायला तिची नजर आपसूक खाली गेली. खाली लिहिलं होतं, 'चौथा मजला, डावीकडे'. वीस वर्षं कुलपात ठेवलेला चित्रपट प्रथमच. रविवार, दुपारचा खेळ.

ट्राम आली आणि गेली. वेसेला तिथंच. रांगेतली एक बाई तिच्याकडे आणि भिंतीकडे आळीपाळीनं पाहू लागली तसा वेसेलानं डोक्याचा रुमाल कपाळावर पुढे ओढला आणि ती चालू लागली. पाय पोस्टाच्या दिशेनं जात होते. पण धुक्यात ते कुणा दुसरीचे असावेत असे मऊ पडत होते. ती तरुण बाई कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी बसली होती. कुणाचं? आपल्याला आठवत का नाही? आपलाच चेहरा, आपलंच टेबल. त्या टेबलाच्या कडेला पडलेला भाजल्याचा डागसुद्धा ओळखू येत होता. पण आतली बाई ओळखू येत नव्हती, जशी लहानपणीच्या गावाची वाट स्वप्नात दिसते आणि आपण तिथं पोचत नाही.

मोठ्या पोस्टात ती ट्रंककॉलच्या खिडकीत बसायची. त्या आधी, तरुणपणी, आतल्या हॉलमध्ये, कानाला यंत्र लावून, समोर वायरींचं रान. एक वायर उपसायची, दुसरी खुपसायची आणि दोन माणसं एकमेकांना भेटायची. आई मेली. गाडी चुकली. पैसे नको पाठवू, स्वेटर पाठव. ऐकू येतंय का? ऐकू येतंय का? दिवसभर लोकांचं बोलणं कानातून वाहून जायचं आणि संध्याकाळी घरी येताना ट्राममध्येही ते चालूच असायचं, रिकाम्या नळात हवा घुमावी तसं. "व्हार्नाचा कॉल, दोन नंबरच्या खोलीत!" आज ती ओरडली आणि कोट सावरत धावणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहताना तिला वाटलं, यानंही भिंत पाहिली असेल. सगळ्यांनी पाहिली असेल. मेतोदीनं पाहिली असेल का? त्याची ट्राम दुसऱ्या बाजूनं जाते. पण त्या बाजूलाही भिंती आहेत.

मेतोदी तिचा नवरा. ट्रामच्या कारखान्यात लेथवर. लग्नानंतर दोघांना क्रास्ना पोल्याना वस्तीतल्या नव्या इमारतीत दोन खोल्या मिळाल्या तेव्हा जिन्याला रंगाचा वास होता आणि लिफ्ट चालू व्हायची होती. ती चालू व्हायच्या आतच अनस्तास आला. लांबोडा, खांदे पडलेले, बाह्या आखूड झालेला कोट. दारात उभा राहून म्हणाला, "मला तुमच्या घरात चित्रपट काढायचाय."

मेतोदी हसत सुटला. "कशाचा? इथं काय आहे? बायको कांदा चिरते, मी पेपर वाचतो."

"त्याचाच," अनस्तास म्हणाला.

"मग तिकीट काढून कोण येणार? तेच घरी फुकट दिसतं!"

पण आत घेतलं त्याला. मेतोदी असाच होता तेव्हा. जिन्यात कुणी दमून टेकलेलं दिसलं तरी घरात ओढून आणायचा, राकिया दारूचा पेला हातात द्यायचा. अनस्तास आणि त्याचा कॅमेरावाला शरदभर घरात वावरले. आधी आधी वेसेला केस नीट करायची, मेतोदी पेपर वाचताना भुवया उंचावायचा. मग कॅमेरा फ्रीजसारखा झाला, आहे तर आहे. तळमजल्यावरच्या त्सोंकाबाईला मात्र सवय झाली नाही, ती रोज गळ्यात मणी घालून जिना चढायची आणि विचारायची, "आज माझं काढता का?" गॅलरीत मिरच्या भाजल्या, लोणच्याच्या बरण्या भरल्या, कोबी आंबवायचं पिंप लावलं, पाणी गेलं, पाणी आलं, जिन्यात भांडण झालं, मिटलं. सगळं त्या यंत्रात गेलं. आणि अशाच एका संध्याकाळी, कधी ते तिला खरंच माहीत नव्हतं, ती स्वयंपाकघरात दिवा न लावता बसली होती आणि कॅमेरावाला गॅलरीत काचेपलीकडे होता.

बसण्यात काय असतं? पण तेवढ्यावरूनच सगळं झालं. पुढच्या वसंतात तिला बोलावणं आलं. लांब टेबल, हिरवं कापड, तीन पुरुष आणि एक बाई. मधला पुरुष पेपरमिंट चघळत होता आणि त्याच्या बोलण्याला थंडगार गोड वास येत होता. त्यांनी चित्रपट पाहिला होता, तिनं नव्हता. तिला दाखवलाच नाही.

"नाव?"

"वेसेला."

"वा! आईबापांनी नाव ठेवलं आनंदी, आणि तुम्ही बसता अशा?"

टेबलापलीकडे हशा पिकला. तीही हसली, कारण ते हसले.

"दिग्दर्शकानं सांगितलं होतं, उदास बसा म्हणून?"

"नाही."

"नवरा मारतो?"

"नाही हो."

"घर आहे, नोकरी आहे, गरम पाणी आहे..."

"गरम पाणी रोज नसतं," ती म्हणाली, आणि टेबलापलीकडच्या बाईनं पेन्सिल खाली ठेवली.

"मग त्या वेळी काय विचार करत होता, कॉम्रेड?"

"काहीच नाही."

"माणूस काहीच विचार करत नाही, असं कसं होईल?"

"दिवसभर टेलिफोनवर असते मी. घरी आले. जरा बसले."

"जरा?" कडेचा माणूस एकदम पुढे झुकला. तो एकटाच हसला नव्हता. "पडद्यावर ते किती वेळ चालतं, ठाऊक आहे? माणसं काळोखात बसून तुमच्याकडे बघणार. तुम्ही काही बोलत नाही. मग ज्याच्या मनात जे असेल ते तो तुमच्या तोंडी घालणार. रडली असती तर परवडलं असतं. रडण्याला कारण देता येतं."

तिला त्या माणसाचं बोलणं पटलं होतं. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. बाहेर आल्यावर चेस्टनटच्या झाडांखालून चालताना तिला वाटलं होतं की त्या सगळ्यांत त्यानं एकट्यानंच आपल्याला नीट पाहिलं. आणि म्हणूनच त्याची भीती वाटली. तेवढा तुकडा कापा, बाकीचं लावतो, असं अनस्तासला सांगण्यात आलं. अनस्तास नाही म्हणाला. का नाही म्हणाला? एवढासा तुकडा. मिरच्या राहिल्या असत्या, बरण्या राहिल्या असत्या, त्सोंकाबाईचे मणी राहिले असते. तो एकदा जिन्यात भेटला तेव्हा तिनं विचारलंही. कोटाच्या बाहीशी चाळा करत तो म्हणाला, "बाकीचं सगळं त्या बसण्यासाठीच काढलं हो मी." मग तो मेंढ्यांना लस कशी टोचावी यावर छोटे छोटे चित्रपट काढू लागला, असं कानावर आलं. मग काहीच कानावर आलं नाही. मग एक दिवस त्याचाही चेहरा काळ्या चौकटीत, अशाच एका थांब्यावर; केस गेलेले, कोट मात्र चांगला. तिनं तो पूर्ण वाचला आणि आलेल्या ट्राममध्ये चढली.

आणि मेतोदी. कारखान्यात बातमी पोचायला वेळ लागला नाही. चित्रपट कुणीच पाहिला नव्हता, त्यामुळे त्यात काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. "काय रे मेतोदी, हसली का बायको?" लेथच्या आवाजावरून ओरडून विचारायचे. "तू तिला रोज काय खायला घालतोस? लिंबू?" मुकादमाची जागा त्याला मिळणार होती ती दुसऱ्याला मिळाली. त्याचं त्याला फारसं वाटलं नाही, निदान तसं तो म्हणाला. पण त्या उन्हाळ्यात एकदा जेवताना, ताटाकडे बघत त्यानं विचारलं, "माझ्याबरोबर तुला इतकं वाईट वाटत होतं?"

"नाही रे. काहीतरीच काय."

"मग?"

"मग काही नाही. बसले होते."

त्यानं मान हलवली. पावाचा तुकडा मोडला. पण त्याच्या डोळ्यांत एक दार हळूच लोटलं गेलेलं तिला दिसलं. तो तिच्याशी वाईट वागला असं कधीच झालं नाही. मुलगी झाली, कलिना, तिच्या तापात तो रात्ररात्र जागला, तिला खांद्यावर घेऊन वितोशा डोंगरावर चढला. फक्त जिन्यात टेकलेल्या माणसाला घरात ओढून आणणारा तो मेतोदी कुठं गेला ते कळलं नाही. आणि वेसेला कधी नुसती बसलेली दिसली की तो विचारायचा, "काय झालं?" साधाच प्रश्न, पण रोजचा. काय झालं? काही नाही. मग ती हातात काहीतरी घेऊ लागली. बटाटे, शेंगा, लोकर, उसवलेली बाही. हात चालू असले की कुणी विचारत नाही. बसण्याचंही एक काम करून टाकलं तिनं, आणि वर्षं अशी गेली की लोकरीचा गुंडा सरता सरता आतल्या कागदाच्या बोळ्यापर्यंत आला तरी कळू नये. कधी कधी वाटायचं, कुलपातल्या त्या डब्यात आपली ती संध्याकाळ अजून तशीच आहे. तिथं अजून दिवा लागलेला नाही, आणि इथं बाहेर जी शेंगा सोलते आहे ती तिच्याऐवजी कामावर आलेली कुणी बदली बाई आहे.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आली तर सगळा जिना कोबीच्या आंबट पाण्यानं दरवळत होता आणि त्सोंकाबाई दारातच उभी. आता पार वाकलेली, पण आवाज तोच.

"बघितलंस का ग? भिंतीवर आपला चित्रपट! मी तुला म्हणत नव्हते, लागेल म्हणून? माझं तेवढं ठेवलंय ना, जिन्यातलं?"

"मला काय ठाऊक, त्सोंकाबाई. मी कुठं पाहिलाय?"

"जा की मग! माझे गुडघे असते तर पुढच्या रांगेत बसले असते. तुझ्या नवऱ्याला सांगितलं का?"

"नाही. तुम्हीही सांगू नका."

"अग बाई," त्सोंकाबाई म्हणाली, "त्यानंच तर मला सकाळी सांगितलं."

वेसेला जिना चढली. मेतोदी पेपर वाचत होता. चष्मा नाकावर खाली आलेला. त्यानं वर पाहिलं, "दूध मिळालं?" विचारलं. ती "नाही" म्हणाली. आठवडाभर दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीत. वीज ठरल्या वेळी जायची, ठरल्या वेळी यायची. कधी ठरल्या वेळी नाही. काळोखात दोघं मेणबत्तीच्या दोन बाजूंना, आणि मधे तो न पाहिलेला चित्रपट, तिसऱ्या माणसासारखा. तो कशाची वाट पाहत होता? मी विचारावं याची? की मी विचारू नये याची? रविवारी जेवण झाल्यावर ती म्हणाली, "बहिणीकडे जाऊन येते." तो म्हणाला, "जा. मीही जरा पाय मोकळे करतो."

थिएटर जुनं होतं, आत उबेपेक्षा माणसांच्या ओल्या कोटांचा वासच जास्त. तरुण पोरं-पोरी बरीच होती, गळ्याला लांब मफलर, हसणं, ढकलाढकली. वेसेला मागच्या रांगेत कडेला बसली, रुमाल न काढता. दिवे मंद होता होता तिला पुढे चार-पाच रांगांवर ती मान दिसली. केस विरळ झालेली, उजवीकडे किंचित कललेली, लेथवर वाकून वाकून तशी झालेली मान. मांडीवर टोपी. आजूबाजूच्या सगळ्या पोरांत तो एकटाच कोटाची सगळी बटणं लावून बसला होता, जसा डॉक्टरकडे बसतो. उठून जावं असं तिला वाटलं. उठली नाही. काळोख झाला.

आणि मग जिना आला. तोच, रंगाच्या वासाचा. वास पडद्यावर नव्हता तरी आला. त्सोंकाबाई मणी घालून चढत होती, तिचे गुडघे किती चपळ! पोरं हसली, पण चांगलं हसली. मेतोदी दार उघडून कुणाला तरी आत ओढत होता, दात दाखवत, दाट केसांचा, आणि वेसेला खुर्चीतच पुढे सरकली, कारण तो इतका तरुण होता हे ती विसरली होती; तिला वाटत होतं, आपणच तेवढ्या तरुण होतो. मिरच्यांची सालं, बरण्यांतली वाफ, पाणी गेल्यावर नळातून येणारा खोकल्यासारखा आवाज. सगळं इतकं हळू चाललं होतं. पुढच्या पोरानं जांभई दिली, शेजारच्या पोरीनं त्याला कोपर मारलं. असंच तर होतं ते, वेसेला मनात म्हणाली. असंच होतं आणि आम्हाला कळत नव्हतं की हे होतं आहे.

मग ते स्वयंपाकघर. काचेपलीकडून. संध्याकाळचा राखी उजेड, टेबल, तिचं कोपर, हनुवटी तळहातात. ती बाहेर पाहत होती. थिएटर हळूहळू गप्प झालं. कडेचा माणूस म्हणाला होता तसंच झालं, माणसं काळोखात बसून तिच्याकडे बघू लागली. कुणीतरी नाक ओढलं. वेसेलाही बघत होती आणि तिला कळत होतं की या बाईला दुःख नाही. हिचे कान रिकामे होताहेत. दिवसभराचे आवाज एकेक करून गळून पडताहेत, व्हार्ना, बुर्गास, आई मेली, स्वेटर पाठव, आणि मागे जी शांतता उरते आहे तिला हनुवटी टेकून ही बसली आहे. त्या बाईच्या पापण्या जड झाल्या. हळूच मिटल्या. चेहरा जरा सैल पडला, ओठ किंचित उघडले. आणि तेव्हा तिच्या पाठीमागे, काळोखात, उजेडाची एक उभी रेघ उमटली.

दार. पाठीमागचं दार उघडत होतं. ओट्याजवळ जाणाऱ्या माणसासारखा मेतोदी आत यायला निघाला, हातात रिकामा पेला, आणि थांबला. त्याचा हात दिव्याच्या बटणापर्यंत गेला होता. तो तसाच राहिला. बटण त्यानं दाबलं नाही. तो उभा राहून तिच्याकडे बघत होता, तिच्या पाठीकडे, आणि वेसेलानं त्याचा असा चेहरा त्याच्यासमोर असताना कधी पाहिला नव्हता. झोपलेल्या मुलाकडे बघावं, तसा. मग त्यानं मान वर केली, समोर काचेकडे पाहिलं, वाट पाहिली. थोडा वेळ. मग हळूच मागे सरला आणि दार ओढून घेतलं, इतकं सावकाश की उजेडाची रेघ बारीक होत होत कधी विझली ते कळलं नाही. ती तिथंच बसलेली. डोळे मिटून.

त्यानंतर पडद्यावर काय चाललं होतं ते वेसेलाला दिसलं नाही. अंगणात पोरं चेंडू खेळत होती बहुतेक. तिची नजर त्या कललेल्या मानेवर होती. मान हलत नव्हती. चेंडू कुठंतरी उंच उडाला आणि खाली यायच्या आतच पडदा विझला, आवाज लांबट होऊन बुडाला, आणि गर्द काळोख. "गेली!" कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या, हसणं. रखवालदारीण बॅटरी घेऊन आली. "दोन तास नाही यायची. उद्या याच तिकिटावर या. सावकाश, सावकाश, पायऱ्या आहेत!" खुर्च्या धडाधड मिटू लागल्या, मफलरवाली पोरं एकमेकांना हाका मारत बाहेर पडली. वेसेला काळोखात खुर्च्यांच्या पाठी चाचपत खाली गेली. मोजायची गरज पडली नाही. कोटाचा वास ओळखीचा होता, लेथच्या तेलाचा आणि घरच्या साबणाचा.

ती शेजारी बसली. तो दचकला नाही.

"बहीण कशी आहे?" त्यानं विचारलं.

"बरी आहे."

दारातून पुसट उजेड येत होता, तेवढाच. टोपी त्याच्या हातात गोल गोल फिरत होती.

"तू आला होतास," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं."

"पाणी प्यायला आलो होतो."

"मग प्यायला का नाहीस?"

त्यानं टोपीची कड बोटांत दुमडली, सोडली. बोलला तेव्हा आवाज खरखरला.

"तू बसली होतीस. दिवा लावला असता तर उठली असतीस." काळ्या पडद्याकडे बघत म्हणाला, "समोर काच होती. काचेत मी तुला दिसलो असणार, असं वाटलं मला. उजेड पडला होता ना, दारातून. म्हटलं, वळेल. थांबलो. तू वळली नाहीस."

"मेतोदी..."

"मग गेलो. म्हटलं, मला बघून वळली नाही. मग ते सगळं सुरू झालं, त्यांनी तुला बोलावलं, कारखान्यात हे विचारायचे... मला काय, ते काय बोलतात त्याचं काही नव्हतं. मी स्वतः बघितलं होतं ना. मी तिथं उभा होतो."

रखवालदारिणीची बॅटरी छतावरून फिरत गेली, रिकाम्या रांगांवर, आणि पुन्हा बाहेर. वेसेलाला वाटलं, आता आपण काही म्हणायला हवं, कितीतरी म्हणायला हवं, एवढ्या वर्षांचं. पण शब्द जमवायला लागली तर हाताला एकच लागत होता आणि तोही त्यानंच उच्चारला.

"मिटलेले होते," मेतोदी म्हणाला. त्यानं टोपी फिरवायची थांबवली. "डोळे मिटलेले होते ग तुझे, वेस्के."